आल्बेनिया: समुद्रकिनारा आणि डोंगरातली गावे एकाच प्रवासात कशी बसवावीत?

नेकारकाठ:

नमस्कार. आम्ही दोघे नोकरीनिमित्त जर्मनीत श्टुटगार्ट येथे राहतो. येत्या सप्टेंबरमध्ये माझे आईवडील सांगलीहून आमच्याकडे येणार आहेत आणि त्यांना घेऊन दहाएक दिवसांचा प्रवास करावा, असे आम्ही ठरवले आहे. इटली आणि स्वित्झर्लंड त्यांनी पूर्वी सहल कंपनीबरोबर पाहिले. परंतु रोज पहाटे बॅगा भरून बसमध्ये बसण्याचा त्या दोघांनाही उबग आला होता. म्हणून या वेळी एखादा लहानसा देश निवडावा, मोजक्या गावी मुक्काम करावा आणि ती गावे निवांतपणे पाहावीत, असा विचार करता करता आम्ही आल्बेनियापर्यंत पोहोचलो आहोत.

नकाशावर हा देश उत्तर-दक्षिण जेमतेम साडेतीनशे किलोमीटर लांब दिसतो. त्यामुळे दक्षिणेला सारांदा आणि क्सामिलचा किनारा, मध्ये बेरात आणि ग्यिरोकास्तर ही जुनी गावे आणि उत्तरेला थेथ व वाल्बोना ही डोंगरातली खोरी, असे सर्व काही एका प्रवासात बसेल, असे प्रथमदर्शनी वाटते. तसे ते खरोखर बसते का, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

उत्तर देणाऱ्यांच्या सोयीसाठी थोडी माहिती देते. वडील इतिहासाचे निवृत्त शिक्षक असून किल्ले आणि जुने अवशेष त्यांच्या विशेष आवडीचे आहेत. आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर ती तासभर सहज चालते, मात्र पायऱ्या आणि तीव्र उतार तिला सोसत नाहीत. दोघेही शाकाहारी आहेत, अंडी चालतात. गाडी आम्ही दोघेही चालवू शकतो. व्हिसाबद्दलही कोणाला माहिती असल्यास कृपया सांगावे.

दगडीवाट:

मुख्य प्रश्नाचे उत्तर आधी देतो. सर्व काही बसवता येईल, पण मग आपल्याला नको असलेली रोजची बांधाबांध पुन्हा सुरू होईल. आल्बेनियाचे क्षेत्रफळ २८,७४८ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक दशांशाहूनही कमी आहे. तथापि या भूमीचा बहुतांश भाग डोंगराळ असून रस्ते खोऱ्याखोऱ्यांतून वळसे घेत जातात. सारांदाहून सकाळी निघून थेथला जायचे म्हटले, तर तो पूर्ण दिवस गाडीतच जातो. म्हणून दक्षिण किंवा उत्तर यांपैकी एकच भाग निवडावा, आणि आईवडील सोबत असल्याने तो दक्षिण असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. दक्षिणेत किनारा आणि डोंगर यांच्यामध्ये तासा-दीड तासाहून अधिक अंतर कोठेच नाही. त्यामुळे आपण ज्या दोन गोष्टींसाठी देशाच्या दोन टोकांना जाण्याचा विचार करत आहात, त्या दोन्ही तेथे शेजारी शेजारी भेटतात.

तिरानाला विमानातून उतरल्यावर राजधानीत न थांबता दोन तासांवरच्या बेरातला जावे. ओसुम नदीच्या एका काठावर मांगालेम आणि समोरच्या काठावर गोरित्सा अशा दोन जुन्या वस्त्या आहेत आणि मूळचा १७८० सालचा पूल त्या दोहोंना जोडतो. मांगालेमची पांढरी घरे उतारावर एकावर एक रचल्यासारखी उभी असून प्रत्येकाच्या दर्शनी भिंतीत खिडक्यांची रांग आहे. वर किल्ला आहे आणि त्यात आजही कुटुंबे राहतात. तटबंदीच्या आत दोऱ्यांवर कपडे वाळत असतात, आजीबाई दारात बसून विणकाम विकत असतात आणि त्याच गल्लीत बायझंटाइन काळापासूनची चर्चेस उभी आहेत. त्यांपैकी एका चर्चमध्ये सोळाव्या शतकातील चित्रकार ओनुफ्री याच्या नावाचे संग्रहालय आहे. त्याच्या चित्रांतला तांबडा रंग आजही इतका ताजा आहे, की वडिलांना तेथून लवकर बाहेर काढणे कठीण जाईल. किल्ल्याच्या दरवाजापर्यंत टॅक्सी जाते, त्यामुळे चढणीची चिंता नको. मात्र आतील फरसबंदी शतकानुशतकांच्या वर्दळीने गुळगुळीत झालेली आहे. आईंना चांगली पकड असलेले बूट आणि हातात काठी हवी. संध्याकाळी खाली नदीकाठच्या हमरस्त्यावर सारे गाव फिरायला बाहेर पडते. या फेरफटक्याला तेथे ‘जिरो’ म्हणतात. हा रस्ता सपाट आहे आणि जागोजागी बसायला बाक आहेत, तेव्हा आईंना बेरातमधील हीच गोष्ट सर्वाधिक आवडेल, अशी माझी खात्री आहे.

तेथून ग्यिरोकास्तर. या एका गावासाठी मी कोणालाही आल्बेनियाला जायला सांगेन. डोंगराच्या उतारावर वसलेल्या या गावात भिंती दगडाच्या आहेतच, पण छपरेही करड्या दगडी फरशांची आहेत. ती लाकडाच्या भक्कम सांगाड्यावर तोललेली असतात आणि पाऊस पडून गेल्यावर सबंध गाव चकाकत असते. येथील मोठी घरे छोट्या गढ्यांसारखी आहेत: तळमजल्यावर कोठार आणि पाण्याचे टाके, मधल्या मजल्यावर हिवाळ्यात राहण्याच्या उबदार खोल्या, आणि सर्वांत वर पाहुण्यांसाठी नक्षीदार छताचे, रंगीत चित्रांनी सजवलेल्या शेकोटीचे दालन. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी बांधलेले झेकाते घराण्याचे घर आतून पाहता येते आणि ते अवश्य पाहावे. जिने बरेच असल्याने आईंनी खालच्या अंगणात थांबावे. दरीचा देखावा तेथूनही उत्तम दिसतो.

हे गाव टिकले कसे, ही गोष्ट वडिलांना जरूर सांगावी. १९४४ पासून १९८५ मध्ये मृत्यू येईपर्यंत आल्बेनियावर एकहाती सत्ता गाजवणारा कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हेर होजा याचा जन्म याच गावी झाला होता. त्याच्या राजवटीने १९६७ मध्ये सर्व धर्मांवर बंदी घातली आणि देशभरातील मशिदी व चर्चेस बंद केली, कित्येक पाडली. परंतु त्याच राजवटीने १९६१ मध्ये ग्यिरोकास्तर आणि बेरात यांना ‘संग्रहालय-नगर’ असा दर्जा दिल्यामुळे या दोन गावांच्या जुन्या भागांत काँक्रीटचे ठोकळे उभे राहिले नाहीत. पुढे युनेस्कोने ग्यिरोकास्तरला २००५ मध्ये आणि बेरातला २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आज धोका निराळाच आहे. १९९० नंतर असंख्य लोक ग्रीस आणि इटलीला निघून गेले, एकेका घराचे अनेक वारस अनेक देशांत विखुरले आणि दुरुस्तीसाठी सर्वांची संमती मिळेना म्हणून कित्येक सुंदर छपरे आत कोसळली आहेत. बाजारपेठेपासून थोडे वर चालत गेल्यास अशी घरे दिसतात. ती पाहून मन विषण्ण होते, पण गाव समजून घ्यायचे तर तीही पाहावीत.

आता किनाऱ्याविषयी. ग्यिरोकास्तरहून सारांदा तासाभरापेक्षा थोड्याच अधिक अंतरावर आहे. वाटेत ‘निळा डोळा’ म्हणून ओळखला जाणारा झरा लागतो. पन्नास मीटरहून अधिक खोल विवरातून बर्फासारखे गार पाणी सतत उसळत असते. सारांदा आणि क्सामिल येथे अलीकडच्या काळात इतकी बांधकामे झाली आहेत, की मुक्कामासाठी मी त्यांची शिफारस करणार नाही. क्सामिलची छोटी बेटे आणि पांढरी वाळू सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु किनाऱ्यावर आरामखुर्च्यांच्या रांगा इतक्या दाट असतात, की समुद्रापर्यंत जायला मोकळी वाट शोधावी लागते. त्याऐवजी बुत्रिंत हे पुरातन नगर पाहण्यासाठी अर्धा दिवस ठेवावा आणि पुढे हिमाराला जाऊन राहावे. बुत्रिंतमध्ये ग्रीक नाट्यगृह, रोमन स्नानगृहे, सहाव्या शतकातील बाप्तिस्मागृह आणि व्हेनिसच्या काळातील बुरूज असे सर्व एकाच वनराईत आहे. भूजलाची पातळी वर आल्यामुळे नाट्यगृहाच्या तळाशी पाणी साचते आणि त्यात कासवे पोहत असतात. मुख्य वाट सावलीची आणि बरीचशी सपाट आहे. बाप्तिस्मागृहाची प्रसिद्ध मोझेक फरशी मात्र जपणुकीसाठी बहुतेक वेळ वाळूखाली झाकलेली असते, हे वडिलांना आधीच सांगून ठेवावे.

हिमारा हे लहान गाव असून तेथे ग्रीक भाषाही सर्रास ऐकू येते. किनारा वाळूऐवजी गोट्यांचा आहे, त्यामुळे पाणी अतिशय नितळ असते आणि सप्टेंबरमध्ये ते पोहण्याजोगे उबदारही असते. जवळच पोर्तो पालेर्मोच्या खाडीत, यानिनाचा प्रसिद्ध ऑटोमन तुर्की सुभेदार अली पाशा याच्या नावाशी जोडलेला किल्ला आहे आणि पलीकडे कम्युनिस्ट काळात पाणबुड्या लपवण्यासाठी डोंगरात खोदलेल्या भुयाराचे तोंड रस्त्यावरूनच दिसते.

परतताना लोगाराच्या खिंडीतूनच यावे. २०२४ मध्ये या डोंगराखालून सुमारे ६ किलोमीटरचा बोगदा खुला झाला आणि त्यामुळे प्रवासाचा बराच वेळ वाचतो, पण खिंडीचा जुना रस्ता आता मोकळा मिळतो, हा त्याचा दुसरा फायदा आहे. आंबोलीचा घाट उतरल्यावर समुद्र अगदी पायथ्याशीच असता तर जसे दिसले असते, तसे हे दृश्य आहे: हजार मीटरवर पाइनचे घनदाट रान आणि खाली पालासाचा किनारा, जेथे इसवी सनपूर्व ४८ मध्ये आपला रोमन प्रतिस्पर्धी पॉम्पी याचा पाठलाग करताना ज्युलियस सीझर सैन्यासह उतरला होता. पुढे व्लोरा लागते. २८ नोव्हेंबर १९१२ रोजी आल्बेनियाचे स्वातंत्र्य तेथे जाहीर झाले. व्लोराहून तिरानाकडे जाताना अपोलोनियाचे अवशेष थोडी वाट वाकडी करून पाहता येतात. सीझरच्या हत्येची बातमी आली तेव्हा तरुण ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, तेथे शिकत होता.

सह्यवेडी:

दगडीवाट यांनी आखलेला मार्ग उत्तम आहे आणि आईंच्या गुडघ्यांचा विचार करता थेथ-वाल्बोनाचा बेत सोडावा, हेही मला मान्य आहे. त्या दोन खोऱ्यांची खरी मजा त्यांच्यामधली खिंड पायी ओलांडण्यात आहे. ती सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे आणि चांगल्या चालणाऱ्यालाही सहा ते आठ तास लागतात. निव्वळ गाडीने जाऊन परत येण्यासाठी एवढा प्रवास करावा, असे मला वाटत नाही. तुम्ही दोघे पुढे कधी स्वतंत्रपणे जाल तेव्हा कोमान तलावातून बोटीने वाल्बोनाकडे जा आणि थेथला उतरा. द्रिन नदीवरच्या धरणामुळे तयार झालेला हा तलाव कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून वळत जातो. काठावरच्या एकाकी घरांना बोटीशिवाय दुसरी वाटच नाही, त्यामुळे पर्यटकांच्या सोबत पिठाची पोती आणि भाजीचे क्रेटही बोटीत असतात.

तरीही उत्तर पूर्णपणे गाळू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दक्षिणेत पाहिलेला आल्बेनिया ऑर्थोडॉक्स चर्चेसचा, ऑलिव्हच्या बागांचा आणि ग्रीसकडे तोंड असलेला आहे; उत्तरेकडच्या कॅथलिक गावांची, पहाडी टोळ्यांची आणि त्यांच्या रूढिनियमांची कल्पना त्यावरून येत नाही. यासाठी श्कोदर हे गाव पुरेसे आहे. ते तिरानाहून दोन तासांवर आहे आणि सपाट आहे. इतके सपाट, की तेथे वृद्ध माणसेही सायकलवरून बाजारहाट करतात. आईंसाठी याहून सोयीचे गाव आल्बेनियात सापडणार नाही.

श्कोदरमध्ये मारुबी छायाचित्र संग्रहालय चुकवू नये. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इटलीहून आलेल्या प्येत्रो मारुबी याने येथे छायाचित्रांचा स्टुडिओ काढला आणि पुढे त्याच्या वारसदारांनी तो चालवला. बंदुकधारी पहाडी सरदार, नटलेल्या नवऱ्यामुली, बाजारातले कारागीर, अशा सुमारे पाच लाख निगेटिव्ह या संग्रहात आहेत. एखाद्या समाजाची इतकी दीर्घ आणि सलग नोंद क्वचितच कोठे राहिली असेल. गावातील मोठे कॅथलिक कॅथेड्रलही आवर्जून पाहावे. धर्मबंदीच्या काळात त्याचे क्रीडागृह केले होते. आज तेथे पुन्हा प्रार्थना होते.

गावाबाहेर रोझाफाचा किल्ला आहे. दिवसा बांधलेली भिंत रात्री कोसळत असे, म्हणून तिघा भावांपैकी धाकट्याच्या बायकोला भिंतीत चिणले आणि तान्ह्या मुलाला पाजता यावे यासाठी तिने एक स्तन, एक हात आणि एक पाय मोकळा ठेवायला सांगितले, अशी त्याची कथा आहे. बांधकाम टिकावे म्हणून बळी दिल्याच्या दंतकथा आपल्याकडच्या विहिरींना आणि किल्ल्यांनाही आहेत; वडिलांना हे साम्य नक्कीच रोचक वाटेल. शेवटची चढण खडी आणि खडबडीत दगडांची आहे. तेथे वडिलांनी जावे आणि आईंनी श्कोदरच्या तलावाकाठी मोकळ्या हवेत बसावे.

श्कोदर आणि तिराना यांच्यामध्ये क्रुया हे किल्ल्याचे गाव लागते, तेही पाहावे. आल्बेनियाचा राष्ट्रवीर स्कांदरबेग याने १४४३ पासून १४६८ मध्ये मृत्यू येईपर्यंत याच किल्ल्याच्या आधाराने ऑटोमन साम्राज्याला थोपवून धरले. सुलतानाच्या फौजांनी त्याच्या हयातीत क्रुयाला वेढे घातले, तरी किल्ला पडला नाही. तो पडला १४७८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. डोंगरी किल्ल्यावरून बलाढ्य सत्तेशी झुंजणारा राजा म्हणजे काय, हे सांगलीहून आलेल्या इतिहासाच्या शिक्षकाला समजावून सांगावे लागणार नाही. किल्ल्यातील संग्रहालय १९८२ मधले असून त्याच्या रचनेत होजाच्या मुलीचा वाटा होता.

मीठभाकर:

खाण्याविषयी आणि व्हिसाविषयी लिहितो.

शाकाहारी माणसाची आल्बेनियात उपासमार होत नाही. फक्त मागताना स्पष्ट सांगावे लागते. ‘पा मिश’ म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द आईंनाही शिकवून ठेवावेत. प्रत्येक गल्लीत बुरेक मिळते. पातळ पापुद्र्यांच्या थरांत पालक, चीज किंवा कांदा-टोमॅटो भरून ते भट्टीत भाजलेले असते. मांसाचेही असते, म्हणून विचारून घ्यावे. ढोबळी मिरची, टोमॅटो आणि ताजे पांढरे चीज एकत्र शिजवून केलेली ‘फर्गेस’ पावासोबत उत्तम लागते. तिचाही एक मांस घातलेला प्रकार असतो. पांढऱ्या घेवड्याचे रसदार कालवण सर्वत्र मिळते, परंतु त्यात कधीकधी मांसाचा तुकडा किंवा रस्सा असतो, त्यामुळे तेथे दोनदा विचारावे. ग्यिरोकास्तरची खासियत म्हणजे ‘चिफची’: भात, अंडी आणि पुदिना यांचे तळलेले गोळे. अंडी चालत असल्याने आपण ते खाऊ शकाल, आणि ते त्या गावाबाहेर सहसा मिळत नाहीत. जेवणाबरोबर ‘धाल’ मागावे. ते खारट ताकच असते. डोंगरी वनस्पतीचा बिनदुधाचा चहा घरगुती खानावळींत आग्रहाने देतात.

ग्यिरोकास्तरहून एखादा दिवस हाती राहिल्यास पेर्मेतला जावे, असे मी सुचवेन. व्योसा नदीकाठचे हे लहान गाव ‘ग्लिको’साठी प्रसिद्ध आहे. कोवळे अक्रोड, अंजीर, चेरी अशी फळे अखंड ठेवून साखरेच्या पाकात मुरवतात आणि पाहुण्यापुढे छोट्या बशीत ठेवतात. व्योसा ग्रीसमधून येऊन समुद्राला मिळेपर्यंत आल्बेनियात धरणाविना वाहते आणि मार्च २०२३ मध्ये तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. नदीसाठी झगडलेल्या स्थानिक लोकांचे आणि पर्यावरणवाद्यांचे ते मोठे यश आहे, म्हणूनच तिच्या मुखाजवळ चाललेल्या विमानतळाच्या बांधकामाची मला मनापासून चिंता वाटते. पेर्मेतजवळ बेन्या येथे ऑटोमनकालीन कमानी पुलाशेजारी कोमट गंधकयुक्त पाण्याची कुंडे आहेत. गुडघ्यांना त्याने आराम पडेल की नाही, हे डॉक्टरच सांगू शकतील. पण पाय सोडून बसायला जागा रम्य आहे. काठावरचे दगड निसरडे असतात, तेवढे सांभाळावे.

व्हिसाबाबत दोन वेगवेगळ्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. आल्बेनिया शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नाही. ज्यांच्याकडे वैध, बहुप्रवेशी आणि आधी वापरलेला शेंगेन व्हिसा आहे, त्यांना आल्बेनियाचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईवडील आधी जर्मनीत उतरणार असल्याने ‘वापरलेला’ ही अट पूर्ण होईल. परंतु त्यांचा शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर आल्बेनियाला गेल्यावर जर्मनीत परत येता येणार नाही. म्हणून मुंबईत अर्ज करतानाच बहुप्रवेशी व्हिसा मागावा. नियम बदलत असतात, तेव्हा तिकिटे काढण्यापूर्वी आल्बेनियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर एकदा खात्री करून घ्यावी.

नेकारकाठ:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. व्हिसाचा मुद्दा आमच्या लक्षातच आला नसता. दक्षिणेचा मार्ग आणि शेवटी श्कोदर, असे आता जवळजवळ निश्चित झाले आहे. आणखी दोन शंका आहेत. गाडी भाड्याने घ्यावी की स्थानिक बसने जावे? आणि ग्रीसच्या कॉर्फू बेटापर्यंत विमानाने जाऊन तेथून बोटीने सारांदाला उतरणे अधिक सोयीचे ठरेल का?

दगडीवाट:

आईंसाठी गाडीच घ्यावी. स्थानिक लोक ज्यांना ‘फुर्गोन’ म्हणतात त्या छोट्या व्हॅन स्वस्त आहेत आणि त्यांतून प्रवास करताना माणसे भेटतात. मात्र बहुतेक व्हॅन सकाळी सुटतात, कित्येकदा भरल्याशिवाय हलत नाहीत आणि गावाच्या जुन्या भागापासून दूर सोडतात. मुख्य रस्ते आता चांगले आहेत. घाटात कोणी वळणावर पुढे काढू लागले, तर त्याला जाऊ द्यावे, आणि अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे, कारण रस्त्यावर शेळ्या-मेंढ्यांचे कळप येतात. बेरात आणि ग्यिरोकास्तर येथे गाडी खालच्या भागात उभी करून सामान न्यायला घरमालकाला बोलवावे. जुन्या गल्ल्या एका गाडीपुरत्याही रुंद नाहीत. लहान गावांत कार्ड चालत नाही, म्हणून ‘लेक’ हे तेथील चलन रोख जवळ असावे.

कॉर्फूचा मार्ग जलद आहे. वेगवान बोट अर्ध्या तासाच्या आसपास पोहोचवते. परंतु गाडी तिरानाला परत करायची असल्याने, आणि आता श्कोदर व क्रुया शेवटी ठेवल्याने, येताना-जाताना दोन्ही वेळा तिरानाचाच विमानतळ घ्यावा. क्रुया तेथून जवळ आहे, तेव्हा शेवटची रात्र तेथे काढणेही शक्य आहे. या विमानतळाला मदर तेरेसांचे नाव आहे. त्यांची आई आणि बहीण तिरानात राहत असूनही होजाच्या राजवटीने त्यांना देशात येऊ दिले नाही, आणि १९८९ मध्ये त्या प्रथमच आल्या तेव्हा त्या दोघीही हयात नव्हत्या. वडिलांना हे ठाऊक असल्यास तिरानातील त्या दोघींची दफनभूमीही त्यांना पाहावीशी वाटेल. त्यासाठी परतीच्या दिवशी दुपारनंतरचे विमान निवडावे.

सारांदाच्या बाजूला असताना एक गोष्ट मात्र आवर्जून दाखवावी. क्सामिल आणि बुत्रिंतच्या परिसरात कॉर्फूची घरे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. त्याच सामुद्रधुनीतून पोहून पलीकडे जाऊ पाहणाऱ्या माणसांवर १९९० पर्यंत गोळ्या झाडल्या जात होत्या. किनाऱ्यावर आणि शेतांत दिसणारे घुमटाकार काँक्रीटचे बंकर त्याच भयग्रस्त काळातले असून देशभरात असे दीड लाखाहून अधिक बांधल्याचे सांगितले जाते. बुत्रिंतला सकाळी लवकर जावे. दहा वाजल्यानंतर कॉर्फूहून येणाऱ्या सहलींची गर्दी सुरू होते.